चारी बाजूंनी उघडं दुकान

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये सिमेंटच्या जमिनीवर खडूने चौकोन आखला होता. 14 फूट लांब, 10 फूट रुंद. आत प्लायचे तुकडे आणि पुठ्ठ्याची खोकी मांडली होती. एका खोक्यावर मार्करने ‘मशीन’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘ग्राइंडर’, जमिनीलगतच्या मोठ्या खोक्यावर ‘दूध फ्रिज’. पंचविशीची एक बरिस्ता, म्हणजे कॉफी करून देणारी मुलगी, त्या खोक्यांमध्ये उभी राहून नसलेल्या मशीनवर नसलेली कॉफी करत होती. हँडल काढलं, डावीकडे ग्राइंडरखाली धरलं, भुकटी दाबली, हँडल परत लावलं, दुधासाठी खाली वाकली. वाकताच तिची पाठ मागच्या खोक्याला टेकली.

“सर, गर्दीच्या वेळी आम्ही दोघं असतो. मी वाकले की दुसऱ्याला पलीकडे जाताच येणार नाही.”

दुकान आखणाऱ्या डिझायनरने ओल्या फडक्याने आतल्या वाटेची रेघ पुसली आणि सहा इंच बाहेर सरकवून पुन्हा ओढली. चौकोन तेवढाच राहणार होता, त्यामुळे ते सहा इंच केकच्या काचेच्या कपाटातून गेले. ब्रँडच्या ऑफिसला नेमकं तेच कपाट मोठं हवं होतं. त्या सहा इंचांसाठी पुढे बरेच दिवस फोन चालू होते, असं त्याने मला नंतर सांगितलं.

संपादकांनी ‘बदलती बाजारपेठ’ हा विषय दिला तेव्हा मला मॉलच्या चौकातलं छोटं दुकान आठवलं. मॉलविषयी आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यांनी गावातली दुकानं कशी बसवली, तरुणांना कसं खेचलं, यावर वादही झाले. पण सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी उभा असलेला कॉफीचा कियॉस्क कोण आखतं, तो कुठे बनतो आणि एका रात्रीत तिथे कसा येतो, हे मी कुठे वाचलं नव्हतं. पुण्यातल्या एका मॉलसाठी असं काम सुरू होतं; भोसरीतला तो खडूचा चौकोन त्याचाच. ब्रँडचं आणि मॉलचं नाव छापायचं नाही या अटीवर मला वर्कशॉपपासून मॉलपर्यंत सगळीकडे येऊ दिलं गेलं.

पाठ नसलेलं दुकान

पेठेतल्या कुठल्याही दुकानाला तीन भिंती असतात. माल मागच्या भिंतीला लागतो, रिकामी खोकी माळ्यावर जातात, झाडू दाराआड उभा राहतो, मालकाचा डबा गल्ल्याखाली असतो. मॉलच्या चौकातल्या कियॉस्कला भिंतच नाही. गिऱ्हाईक चारी बाजूंनी येतं. त्यामुळे डिझायनरला सर्वांत आधी सोडवावा लागतो तो लपवण्याचा प्रश्न. दुधाची पाकिटं, कपांचे गठ्ठे, झाकणं, ओला कचरा, पुसायची फडकी, सांडपाण्याचा डबा, आग विझवायचं नळकांडं, बिलाच्या कागदाची रिळं, काम करणाऱ्यांच्या पर्स आणि जेवणाचे डबे, हे सगळं 140 चौरस फुटांत असं बसवायचं की हाताशी असेल, पण नजरेला पडणार नाही.

बरं, नजर फक्त समोरून येत नाही. डिझायनर मला मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेला आणि कठड्याशी उभं राहून खाली बघायला सांगितलं. चौकात आधीपासून असलेल्या एका मोबाइल कव्हरच्या कियॉस्कचं सगळं पोट तिथून दिसत होतं: उघडी खोकी, वायरींचा गुंता, अर्धी खाल्लेली वेफर्सची पिशवी. “क्लायंटला आम्ही समोरून काढलेलं चित्र दाखवतो आणि त्याला ते आवडतं. इथे निम्मी माणसं वरून बघतात,” तो म्हणाला. म्हणून त्याने कचऱ्याच्या डब्याला काउंटरमध्येच गोल भोक आणि वर झाकण दिलं, फ्रिज सगळे काउंटरखाली घातले आणि मशीनच्या माथ्यावर कप मांडायची जागा मुद्दाम नीटस ठेवली. वरून पाहणाऱ्याला पांढऱ्या कपांच्या रांगा दिसाव्यात, एवढाच त्यामागचा हिशोब.

उंचीवरून मात्र ब्रँड आणि मॉल यांची ओढाताण ठरलेली. ब्रँडला आपली पाटी लांबून दिसावी म्हणून कियॉस्क उंच हवा असतो. मॉलच्या नियमावलीत नेमकं उलट लिहिलेलं असतं, कारण मागच्या दुकानांनी दर्शनी जागेचंच भाडं मोजलेलं असतं. त्यांची काच झाकली गेली तर ती आधी व्यवस्थापनाच्या ऑफिसात जाऊन बसतात. मर्यादा प्रत्येक मॉलची वेगळी. साधारणपणे काउंटर छातीएवढा, त्यावर काही न्यायचं तर बारीक खांब आणि आरपार दिसेल अशी चौकट. मॉलचं म्हणणं मला पटलं. चौकात भिंत उभी राहिली की चौक संपतोच.

मग रांग. सरकत्या जिन्यावरून उतरलेलं माणूस क्षणभर थांबतं, कुठे जायचं ते ठरवतं. कॉफी विकायला तो क्षण उत्तम, म्हणून जिन्याच्या तोंडाजवळची जागा सगळ्यांना हवी असते. पण तिथेच रांग लागली तर वरून येणारी माणसं एकमेकांवर आदळतील, आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. रांगेतल्या एका माणसाला सुमारे अडीच फूट धरतात. आठ जण उभे राहिले की 20 फूट झाले, म्हणजे कियॉस्कच्या लांबीपेक्षाही जास्त. म्हणून पैसे घ्यायची जागा एका टोकाला, कॉफी द्यायची दुसऱ्या टोकाला, आणि रांग काउंटरच्या लांब बाजूला चिकटून. ती बाजू जिन्याकडे नसावी. ड्रॉइंगमध्ये डिझायनरने रांगेतली माणसंही एकेक करून काढली होती. ज्या ड्रॉइंगमध्ये रांग नसते ते मी यापुढे अपुरं समजेन.

या सगळ्यामागे भाडं आहे. कियॉस्कच्या चौरस फुटाचा भाव आतल्या दुकानांपेक्षा बराच चढा असतो. बहुतेक ठिकाणी ठरावीक किमान रक्कम किंवा विक्रीतला हिस्सा, यांतलं जे जास्त ते मॉल घेतो. वर करार कमी मुदतीचा, आणि सणासुदीला चौकात मोठी सजावट करायची म्हणून कियॉस्क दहा फूट सरकवा, असंही सांगितलं जातं. त्यामुळे तो जमिनीत रोवता येत नाही. तुकड्यांत बनवायचा, तुकड्यांत उचलता आला पाहिजे.

लग्नाच्या हॉलमधली वाफ

चौकात मधोमध उभं राहून विकायची ही रीत मॉलने गाडीवाल्यांकडून घेतली. अमेरिकेत बॉस्टनच्या फॅन्युइल हॉल मार्केटप्लेसमध्ये 1976 साली जुन्या बाजारइमारती नव्याने सुरू झाल्या, तेव्हा तिथे छोट्या विक्रेत्यांना ढकलगाड्या भाड्याने दिल्या गेल्या. गाड्यांमुळे बाजार भरलेला दिसला, गर्दी झाली, आणि मोकळ्या वाटेवरची जागाही भाड्याने जाते हे मॉलवाल्यांच्या ध्यानात आलं. आपल्याकडे मुंबईत हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ 1999 साली उघडला. त्यानंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्यात मॉल वाढत गेले, तशा चौकातल्या या जागाही.

कॉफीचं म्हणाल तर मराठी घरात ती पूर्वीपासून आहे: दुधाची, गोड, जायफळ किसून घातलेली, बहुधा पाहुण्यांसाठी किंवा जागरणासाठी. फिल्टर कॉफीसाठी मुंबईकर माटुंग्याला गेला, पुणेकर फर्ग्युसन रस्त्यावर ‘वैशाली’त बसला. आणि वाफेवरची कॉफी आपल्यापैकी अनेकांना पहिल्यांदा भेटली ती लग्नाच्या हॉलमध्ये. पितळी किंवा स्टीलचं उभं मशीन, फुस्स करून दुधात सोडलेली वाफ, वर चॉकलेटच्या पावडरीची चिमूट, आणि भोवती पोरांची गर्दी. मॉलमधल्या कियॉस्कचा खरा पूर्वज मला तोच ठेला वाटतो. कॉफी डोळ्यांदेखत होते, आवाज आणि वाफ यांनी माणसं जमतात, हे मर्म त्याला पुरतं माहीत होतं.

यंत्र मात्र वेगळं आहे. लग्नातल्या मशीनमध्ये नुसती वाफ असे. आजच्या मशीनमध्ये 90 ते 96 अंश तापलेलं पाणी सुमारे 9 बार दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या नऊपट जोराने, घट्ट दाबलेल्या भुकटीतून जातं. दोन कपांपुरती 18 ग्रॅम भुकटी, 25 ते 30 सेकंद, आणि खाली येते ती वर बदामी साय धरलेली गडद धार. ही साय आणणारं दट्ट्याचं मशीन मिलानच्या अकिले गाज्जिया यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आणलं. भारतात 1996 मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’ सुरू झालं आणि अशी कॉफी तरुणांच्या खिशाला परवडू लागली. 2012 मध्ये ‘स्टारबक्स’ने टाटांबरोबर मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला पहिलं दुकान थाटलं. आता ‘ब्लू टोकाई’, ‘थर्ड वेव्ह’ यांच्यासारखे देशी ब्रँड चिकमगळूर, कूर्गच्या मळ्यांची नावं पाकिटावर छापतात. महाराष्ट्रातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे पुण्याच्या मॉलमध्ये कप धरून उभ्या असलेल्या फार थोड्यांना माहीत असतं. एखाद्या मराठी ब्रँडने ती पाकिटावर मानाने मिरवायला हवी.

मेनू ठरवला विजेने

मला वाटायचं की आधी काय विकायचं ते ठरतं आणि मग त्याप्रमाणे काउंटर बनतो. प्रत्यक्षात मॉलने दिलेला विजेचा भार आधी कागदावर येतो.

या कियॉस्कला 8 किलोवॅट मंजूर होते. डिझायनरच्या वहीत बेरीज होती. दोन हँडलचं मशीन साडेतीन किलोवॅट, उकळत्या पाण्याचा बॉयलर अडीच, सँडविच झटपट गरम करणारा ओव्हन तीन, काउंटरखालचे फ्रिज मिळून पाऊण, कोल्ड कॉफीचा ब्लेंडर एक, ग्राइंडर अर्धा, दिवे आणि बिलिंग अर्धा. सगळं मिळून पावणेबारा. गॅसचा विषयच नाही. चौकात उघड्या ज्योतीला मॉल परवानगी देत नाही. सगळी उपकरणं एकाच वेळी पूर्ण वीज खात नाहीत हे खरं, पण गर्दीच्या तासाला तापणारी उपकरणं नेमकी एकदमच चालतात. मग रविवारी संध्याकाळी सात वाजता, दहा माणसं रांगेत असताना, ब्रेकर पडतो.

ओव्हन गेला. त्याबरोबर ब्रँडच्या मेनूतली पनीर टिक्का सँडविचं, पफ आणि गरम क्रॉसाँ गेले. शेजारच्या कपड्यांच्या दुकानाला भाजलेल्या चीजचा वास चालला नसताच, कारण चौकात धूर आणि वास खेचणारी वेगळी नळी नसते. नंतर बॉयलर गेला. चहासाठी मशीनच्याच गरम पाण्याचा नळ वापरायचं ठरलं, म्हणजे चहा पिशवीचा. पुण्यात उकळलेल्या चहाशिवाय कियॉस्क चालवणं धाडसाचं आहे, असं बरिस्ता मुलीचं मत. तिने ते बैठकीत सांगितलंही. “ताई, इथे मुलं कॉफी मागतात, पण त्यांना घेऊन आलेले आजी-आजोबा चहाच मागतात,” ती मला म्हणाली. तिचं ऐकलं गेलं नाही, कारण वहीतल्या बेरजेपुढे कुणाचं चालत नव्हतं. बेरीज आता सव्वासहावर आली आणि पुढे-मागे एखादं छोटं उपकरण लावायला जागा उरली.

फ्रिजमधून बाहेर पडणाऱ्या गरम हवेकडे चित्रं काढणाऱ्यांचं लक्ष नसतं. चकचकीत लॅमिनेटच्या बंद कपाटात फ्रिज घातला की त्याची उष्णता तिथेच कोंडते, कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि ऐन उन्हाळ्यात दूध नासतं. इथे खाली पायपट्टीत आणि मागच्या फळीत झरोके ठेवले आहेत. बाहेरून ते सजावटीच्या उभ्या पट्ट्यांसारखे दिसतात. या कामातलं मला सर्वांत आवडलेलं डिझाइन तेच.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

चौकात नळ नसतो. नळ आणायचा तर स्लॅब कोरावा लागतो. खाली पार्किंग असतं, आणि गळलेल्या पाण्याचा डाग कुणाच्या तरी गाडीवर पडतो. बहुतेक मॉल त्यामुळे ‘नाही’च म्हणतात. उत्तर म्हणून येतो 20 लिटरचा जार. काउंटरखाली जार, त्यातून पाणी ओढणारा छोटा पंप, पंपापासून मशीनला नळी.

एक जार म्हणजे 20 किलो. सुट्टीच्या दिवशी ते सारखे बदलावे लागतात. आधीच्या एका कियॉस्कमध्ये जार आतल्या उंच फळीवर ठेवायची व्यवस्था होती, आणि तिथे काम केलेल्या एका मुलाची कंबर धरली होती. तोच मुलगा आता दुसऱ्या शाखेत शिफ्टप्रमुख आहे. खडूच्या चौकोनाशी तोही आला होता. त्याने एकच मागणी केली, जार उचलावा लागू नये. म्हणून जमिनीलगत चाकांचा पाट बसवला. दार उघडलं की पाट बाहेर येतो, रिकामा जार काढायचा, भरलेला सरकवायचा.

जितकं पाणी येतं त्यातलं पुष्कळसं घाण होऊन परत निघतं. दुधाचे पिचर विसळलेलं, मशीन साफ केलेलं, वाफेची नळी झटकलेलं. ते सांडपाण्याच्या डब्यात जमतं आणि कुणाला तरी मागच्या कॉरिडॉरमधल्या सिंकपर्यंत न्यावं लागतं. दूध मिसळलेलं पाणी काही तासांत आंबतं. डबा जर चहूकडून बंद कपाटात असेल तर दुपारनंतर कियॉस्कला कॉफीऐवजी आंबट दुधाचा वास येतो. त्यासाठी डब्याला घट्ट झाकण हवं, नळीला उतार हवा, आणि डबा भरत आला हे बाहेरून कळावं म्हणून कपाटाच्या दाराला बारीक काच हवी. काचेची कल्पना बरिस्ताची.

पाणी कसलं, हाही प्रश्न आहे. फार जड पाण्याने मशीनमध्ये क्षार साचतात, तर सगळे क्षार काढून टाकलेल्या पाण्याने कॉफी सपक लागते. कॉफीच्या व्यवसायातले जाणकार लिटरमागे सुमारे 150 मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी योग्य मानतात. पुण्यात टँकरचं पाणी आणि नळाचं पाणी यांत फरक पडतो, म्हणून जार भरतानाच ते तपासावं लागतं.

शिवाय अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे हात धुवायची सोय सक्तीची आहे. छोटं बेसिन म्हटलं तरी काउंटरचे 15 इंच गेले. चोथ्याचा हिशोब वेगळा. दिवसाला 18 ग्रॅमचे 200 डबल शॉट धरले तर 3.6 किलो कोरडी भुकटी, आणि चोथा ओला झाला की वजन त्याहून बरंच जास्त. हँडल आपटून चोथा पाडायचा डबा, त्याला ते लोक ‘नॉक बॉक्स’ म्हणतात, काउंटरमध्येच बसवतात. त्याचा ठोका दिवसभर ऐकू येतो. डब्याखाली रबर घातलं नाही तर काउंटरची फळी हळूहळू ढिली होते, हे मिस्त्रीने स्वतःहून सांगितलं.

रंग आणि पाटी

ब्रँडची रंगपुस्तिका मुख्य ऑफिसकडून आली. त्यातला खास हिरवा कागदावर सुरेख होता. पण लॅमिनेटच्या कॅटलॉगमध्ये तो हिरवा नव्हता, जवळचे तीन होते. डिझायनरने तिन्हींचे हातभर तुकडे मॉलच्या चौकात नेऊन ठेवले, दुपारी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा. वर काचेचं छत असल्याने दुपारी निळसर उजेड पडतो आणि तिन्ही हिरवे थंड दिसतात. संध्याकाळी मॉलचे दिवे लागले की त्यातला एक चक्क शेवाळी झाला. ऑफिसच्या ट्यूबखाली रंग निवडू नये, एवढं तरी ब्रँडच्या मंडळींनी शिकावं. काउंटरवर कियॉस्कचे स्वतःचे दिवे 3000 केल्विनचे, पिवळसर, म्हणजे दुधाचा फेस आणि कॉफीचा तपकिरी रंग भुकेजलेल्या डोळ्याला खरा दिसतो.

आतला सांगाडा लोखंडी पाइपचा, त्यावर आग लवकर न पकडणारा प्लाय. असा प्लाय महाग असतो आणि लॅमिनेट चढल्यावर कुणाला दिसत नाही, म्हणून काही ठिकाणी तिथेच काटकसर होते. इथे मॉलच्या इंजिनिअरने वर्कशॉपमध्ये येऊन प्लायवरचा शिक्का पाहिला, मगच लॅमिनेट चढलं. बाहेरचे कोपरे सगळे गोल आहेत, कारण काउंटरची कड चार वर्षांच्या मुलाच्या कपाळाच्या उंचीवर येते. जमिनीलगत स्टीलची पट्टी आहे. ट्रॉलीची चाकं, बूट आणि रोजची ओली फरशी यांनी लाकडाची किनार वर्षभरात फुगते.

आता पाटी. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत हव्यात हे 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नियमांत आहे. 2022 च्या दुरुस्तीने ते लहान आस्थापनांनाही लागू झालं, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. 2023 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर पाट्या बदलल्या, पण कशा? बहुतेक ब्रँडचं रोमन नाव एखाद्या निष्णात माणसाने महिनोन्महिने घोटलेलं असतं. देवनागरी मात्र पाटी करणारा शेवटच्या दिवशी संगणकातल्या हाताशी येईल त्या फाँटमध्ये बसवतो. वर वेलांटी, खाली उकार असल्याने पट्टीच्या त्याच उंचीत देवनागरी अक्षराचा गाभा आक्रसतो. मग ते नाव इंग्रजी नावाचं बारकं, बेढब भावंड वाटतं. हे मला मनापासून खुपतं. मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या संस्थेने ‘मुक्ता’, ‘बलू’ असे उत्तम देवनागरी टंक सगळ्यांसाठी मोफत खुले केले आहेत. अक्षरकार आपल्याकडे आहेत. विचारायचं तेवढं बाकी असतं.

या कामात डिझायनरने पाटीची पट्टी उंच करून घेतली आणि देवनागरी नाव अक्षरकाराकडून काढून घेतलं. रोमन अक्षरांची जाडी आणि गोलाई त्यात उतरली आहे. मॉलमध्ये मी ज्या पाट्या पाहिल्या त्यांत ती उठून दिसते.

रात्रीचं काम

मॉलचे दरवाजे बंद झाल्यावर काम सुरू होतं. सर्व्हिस गेटवर गेटपास, प्रत्येक कामगाराचं ओळखपत्र, अवजारांची यादी. वेल्डिंगला मनाई. कापायचं ते भोसरीतच कापून आणायचं, इथे फक्त जोडायचं. कियॉस्कचा प्रत्येक तुकडा किती मोठा असावा हे सर्व्हिस लिफ्टच्या दाराने ठरवलं होतं. डिझायनरने पहिल्याच दिवशी ते दार मोजून आणलं होतं. न मोजता बनवलेला काउंटर लिफ्टपाशी रात्री दीड वाजता करवतीने अर्धा करावा लागतो, अशा गोष्टी या धंद्यात सगळ्यांकडे असतात.

संगमरवरावर आधी प्लास्टिक, त्यावर प्लाय अंथरला. रबरी चाकांच्या ट्रॉल्यांवर तुकडे आले. मिस्त्री राजस्थानचे सुथार, त्यांच्या हाताखालची मुलं गोरखपूरकडची, वायरमन हडपसरचा. एकमेकांशी हिंदी, फोनवर आपापली बोली. जमीन डोळ्यांना सपाट वाटत होती, पण 14 फुटांत एका बाजूला बोटभर उतार निघाला. मशीन समपातळीत नसेल तर दोन कपांत कॉफी कमी-जास्त पडते. खालचे स्क्रूचे पाय फिरवून फिरवून ती पातळी आणण्यातच खूप वेळ गेला. मिस्त्री दर वेळी लेव्हलची नळी ठेवायचे, मान हलवायचे आणि पुन्हा खाली बसायचे. जमिनीला एकही भोक पाडायचं नव्हतं. सगळा कियॉस्क स्वतःच्या वजनावर उभा आहे.

पहाटे एका कोपऱ्याचं लॅमिनेट उडालं. मिस्त्रींनी खिशातून रंगीत मेणाच्या कांड्या काढल्या, दोन हिरवे मिसळून भरले आणि अंगठ्याने घासले. सकाळी मला तो कोपरा शोधूनही सापडला नाही.

उजाडल्यावर सफाईवाल्या बायका आल्या, मग मशीनचा टेक्निशियन, मग बरिस्ता मुलगी. तिने पहिल्या कॉफ्या ओतूनच दिल्या. ग्राइंडर किती बारीक दळतो ते जुळवताना धार कधी भसकन येते, कधी थेंबथेंब. सेकंद मोजत, दळण बदलत, चाखत ती त्या 25-30 सेकंदांपर्यंत आली. मॉलचा व्यवस्थापक पट्टी घेऊन उंची मोजून गेला. ब्रँडच्या ऑफिसातून आलेल्या बाईंनी समोरून, बाजूने, पाटीखालून फोटो काढले. काउंटरच्या आत शिरून कुणी फोटो काढला नाही.

आत उभं राहणारं माणूस

त्या आतल्या बाजूला दिवसाचे नऊ तास उभं राहायचं असतं. जेवणाची सुट्टी सोडली तर पाय हलतात ते चार पावलांत. इथली आतली वाट तीन फुटांहून थोडी जास्त आहे, खडू पुसून मिळवलेल्या त्या सहा इंचांसकट. खाली जाड रबरी चटई आहे. कामाचा काउंटर त्या मुलीच्या कोपराखाली येतो, कारण तो तिला उभं करून मोजला. मशीन आडवं लावलं आहे, म्हणून कॉफी करताना तिला गिऱ्हाईकाचा चेहरा दिसतो आणि गिऱ्हाईकाला तिचे हात. लोक थांबून बघतात ते हातांकडेच. ब्रँड म्हणून जे काही विकलं जातं ते त्या चार पावलांत घडतं, आणि ब्रँडच्या खर्चाचा सर्वांत कमी वाटा तिथेच जातो. बाहेरच्या अंगावर चढलेल्या लॅमिनेटची, काचेची आणि दिव्यांची बिलं मी पाहिली, त्यावरून हे म्हणते.

बसायची जागा मात्र नाही. पहिल्या ड्रॉइंगमध्ये होती. काउंटरच्या आतल्या अंगाला बिजागरीवर दुमडणारी एक फळी, गर्दी नसताना दहा मिनिटं टेकण्यापुरती. तिसऱ्या ड्रॉइंगमध्ये ती खोडली गेली, कारण बसलेला कर्मचारी वरच्या मजल्यावरून दिसतो आणि आळशी वाटतो. हे कारण ऐकून मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरुवूतल्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी याच प्रश्नावर संघटना बांधली, वर्षानुवर्षं भांडल्या, आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारने दुकान कायद्यात दुरुस्ती करून कामगारांच्या बसण्याची सोय सक्तीची केली. तमिळनाडूने 2021 मध्ये तसाच बदल केला.

तेव्हा मॉलमध्ये कियॉस्कची ड्रॉइंग मंजूर करणाऱ्या इंजिनिअरांना, ब्रँडच्या ऑफिसातल्या मंडळींना आणि नव्याने या कामात येणाऱ्या डिझायनर मुलामुलींना एक विनंती आहे. सही करण्याआधी आतल्या माणसाने बसायचं कुठे, ते ड्रॉइंगमध्ये शोधा. नसेल तर ड्रॉइंग परत पाठवा. खोडलेली ती फळी 14 इंच रुंद होती आणि दुमडल्यावर काउंटरची दीड इंचच जागा घेत होती.